पाण्याच्या दिवसाचा वास

आमच्या फ्रिजशेजारच्या कॅलेंडरवर दर पाचव्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने ‘पाणी’ असं लिहिलेलं असतं. सोलापूरकरांना यातलं काही समजावून सांगायला नको. उजनी धरण भरलेलं असो नाहीतर रिकामं, नळ रोज येत नाही. आणि येतो त्या रात्री घरातलं झोपणं, धुणं, भरणं सगळं त्याच्या वेळेवर चालतं. गेल्या उन्हाळ्यात मी त्याच कॅलेंडरवर आणखी एक शब्द लिहायला लागले. ‘वास’.

सिंकपाशी यायचा तो. पहाटे चहा ठेवायला गेलं की दारातच जाणवायचा, कुजक्या अंड्यासारखा. थोडा वेळ तिथेच उभं राहिलं की कमी झाल्यासारखा वाटे, पण तो कमी झालेला नसे, नाक मरायचं. बाहेरून आलेल्या माणसाला लगेच कळायचा. सकाळची भांडी, भाज्या धुणं, कुकरचं पाणी असं सुरू झालं की तासा-दोन तासांत खरोखरच जायचा. प्लंबर यायचा अकरानंतर. तो सिंकवर वाकून नाक लावणार आणि म्हणणार, “कुठं काय आहे?”

आमचं घर जुळे सोलापुरात. खाली मोठे दीर आणि जाऊबाई, मधल्या मजल्यावर आम्ही, वर भाडेकरू. जाऊबाई एका सकाळी विरजण न्यायला वर आल्या, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थांबल्या आणि म्हणाल्या, “रात्रीचं खरकटं ठेवत जाऊ नकोस गं सिंकमध्ये.” त्या मनाने चांगल्या आहेत, टोचून बोलायचा त्यांचा स्वभाव नाही. पण सत्तावीस वर्षांच्या संसारात मी रात्री सिंकमध्ये चमचासुद्धा ठेवलेला नाही. ओटा पुसून, सिंक घासून, फडकं वाळत टाकूनच मी दिवा घालवते. ते वाक्य मला फार लागलं. स्वयंपाकघरात वास आला की पहिला संशय घरातल्या बाईच्या हातावर जातो, पाइपावर कुणाचाच जात नाही.

मग मी जे सगळ्या करतात ते केलं. जाळीत डांबरगोळ्या टाकल्या. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतलं. उकळतं पाणी ओतायचे, तेव्हा मला माहीत नव्हतं की पीव्हीसीचा पाइप ऐंशी अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतो आणि सांध्यांतून हलतो. पहिल्या प्लंबरने ‘चोकअप आहे’ म्हणून कॉस्टिक सोड्याची पावडर टाकली, सिंकखाली पाइप हात लावता येणार नाही इतका तापला, वास तसाच. दुसऱ्याने सिंकखालचा तो नळीदार, वाकवू तसा वाकणारा वेस्ट पाइप काढून बॉटल ट्रॅप, म्हणजे तळाशी पाणी धरून ठेवणारा पेला, बसवला. ते काम चांगलंच झालं. त्या नळीच्या घड्यांमध्ये किती तेल आणि पीठ साचलं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. चार दिवस मी कॅलेंडर बघितलंसुद्धा नाही. पण पुढच्याच पाण्याच्या दिवसानंतर पहाटे दार उघडलं, आणि तोच वास.

तिसरे आले ते अण्णा. अशोक चौकाकडचे, साठी ओलांडलेले. वडील यंत्रमागावर होते, हे स्वतः चाळीस वर्षं पाइपात. घरी तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. त्यांनी सिंककडे पाहिलंच नाही. आधी विचारलं, “अक्का, वास रोज येतो का कधीकधी?”

मी कॅलेंडर काढून त्यांच्या हातात दिलं. चष्मा लावून त्यांनी तीन महिने उलटे-सुलटे चाळले. ज्या चौकटीत ‘पाणी’, तिच्या पुढच्या चौकटीत ‘वास’. बाकी महिना कोरा.

“पाणी आलं की दुसऱ्या दिवशी वास. मग सिंकमदी काय बघायचं ओ? आपण वरचं बघूया.”

वर म्हणजे भाडेकरूंकडे. त्यांच्याकडे नवरा-बायको दोघंही नोकरीला, दोन लहान मुलं. चार दिवसांचं धुणं साठलेलं असतं आणि आमच्याकडे पाणी येतं रात्री अकराच्या पुढे. टाक्या भरायला लागल्या की वरच्या ताई वॉशिंग मशीन लावतात. मशीनचं पाणी आणि त्यांच्या सिंकचं पाणी ज्या उभ्या पाइपाला मिळतं त्याच पाइपाला मधल्या मजल्यावर आमचं सिंक जोडलेलं आहे. तो पाइप मागच्या अंगाने खाली जाऊन सांडपाण्याच्या चेंबरला मिळतो. जाऊबाईंचं सिंक या पाइपावर नाहीच. तळमजल्याचं म्हणून त्यांचं पाणी स्वतंत्रपणे मागच्या गली ट्रॅपमध्ये, म्हणजे बाहेर जमिनीत बसवलेल्या ट्रॅपमध्ये, पडतं. त्यांच्याकडे वास का नाही, याचं उत्तर इतकं साधं होतं.

अण्णांनी सिंकमध्ये दोन तांबे पाणी ओतलं, बॉटल ट्रॅपचा खालचा पेला उघडून दाखवला. काठोकाठ भरलेला. मधली नळी त्या पाण्यात चांगली तीन बोटं बुडालेली. पेला परत भरून, आवळून बसवला. मग वरच्या ताईंना फोन करून मशीन फक्त ‘ड्रेन’वर लावायला सांगितलं. आम्ही दोघं ओट्याखाली कान लावून बसलो. वर मशीनचा पंप सुरू झाला, भिंतीतून पाणी उतरल्याचा आवाज आला आणि आमच्या सिंकने गुड्, गुड्, गुडगुड असा लांब घोट घेतला. हा आवाज मी वर्षानुवर्षं अर्धवट झोपेत ऐकलेला होता, पाण्याच्या रात्रीचाच एक आवाज म्हणून. अण्णांनी पेला पुन्हा उघडला. तळाला जेमतेम दोन बोटं पाणी. मधली नळी वर लोंबकळत होती, तिच्या तोंडाखाली नुसती हवा.

“बगा. दार उगडंच राहिलं.”

ट्रॅपमधलं ते पाणी म्हणजेच दार. सिंकचं पाणी पुढे जातं, पण शेवटचं थोडं पाणी वाकणात अडकून राहतं आणि पलीकडची हवा अलीकडे येऊ देत नाही. गटारातल्या हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो, मिथेन असतो. त्यांना अडवायला जाळी उपयोगाची नाही, झाकण उपयोगाचं नाही, दोन-तीन इंच उभं पाणी उपयोगाचं. अलेक्झांडर कमिंग नावाच्या लंडनमधल्या एका घड्याळजीने संडासाच्या पाइपाला एस आकाराचं वाकण देऊन १७७५ मध्ये पेटंट घेतलं. अडीचशे वर्षं झाली, आजही याहून चांगलं दार सापडलेलं नाही. आणि मला विशेष बरं वाटलं ते हे, की आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत जमिनीतल्या ट्रॅपला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपली न्हाणी इंग्रजी पुस्तकात जाऊन बसली आहे.

माझ्या माहेरी, साखर पेठेतल्या वाड्यात, ट्रॅप नव्हता. मोरी होती. शहाबादी फरशीची, एका कोपऱ्यात भोक, पाणी उघड्या पन्हाळीतून परसात अळूला आणि केळीला. आई राखेने भांडी घासायची. तिथे वास कोंडायला बंद पाइपच नव्हता, म्हणून पाण्याच्या दाराचीही गरज नव्हती. आपण पाइप बंद केले, ते बरंच केलं, डास आणि घाण गेली. पण बंद पाइपाला श्वास लागतो, ही दुसरी निम्मी गोष्ट आपल्याकडे घर बांधताना कुणी सांगत नाही.

अण्णांनी मला ती तेलाच्या डब्यावरून सांगितली. दिवाळीला आपण पंधरा किलोचा डबा आणतो. एकाच कोपऱ्यात भोक पाडून डबा तिरका केला तर तेल गुडगुड करत, ठसके देत पडतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की गुमान एका धारेत पडतं. तेल बाहेर जाताना डब्यात त्याच्या जागी हवा यायला लागते, ती कुठून तरी येणारच. दुसरं भोक नसेल तर ती तेलाच्याच वाटेने घुसते.

आमच्या उभ्या पाइपात हेच होत होतं. मशीनचं पाणी पंपाने एकदम येतं, पाइप जवळजवळ भरून खाली घसरतं, आणि त्याच्या पाठीमागे हवा ओढली जाते. पाइपाचं वरचं तोंड गच्चीवर उघडं असेल तर ती हवा आकाशातून येते, कुणाला कळतही नाही. ते तोंड बंद असेल तर हवा सगळ्यात जवळच्या कमकुवत दारातून येते, म्हणजे आमच्या ट्रॅपमधून, आणि येताना तिथलं पाणी ओढून नेते. रात्री बारानंतर मी सिंक वापरत नाही, त्यामुळे दार सकाळपर्यंत उघडं. सकाळी भांडी घासली की ट्रॅप आपोआप भरतो. अकराला प्लंबर येतो तेव्हा सगळं ठीक.

म्हणजे प्रश्न एकच उरला, पाइपाचं वरचं तोंड कुठे आहे.

आम्ही गच्चीवर गेलो. तोंड नव्हतं. मी दहा वेळा त्या गच्चीवर पापड वाळत घातले आहेत, कुरडया घातल्या आहेत, तोंड नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. अण्णा कठड्यावरून वाकून मागच्या भिंतीवरचा पाइप डोळ्यांनी वर आणत आले आणि टाकीच्या ओट्यापाशी थांबले. चार वर्षांपूर्वी पाणी चौथ्या दिवसावरून पाचव्यावर गेलं तेव्हा आम्ही हजार लिटरची दुसरी टाकी बसवली. तिच्यासाठी विटांचा ओटा बांधला. पाइप मध्ये येत होता. मिस्त्रीने तो स्लॅबलगत कापला, टोपी घालून बंद केला आणि वर ओटा बांधून टाकला. मी त्या दिवशी तिथेच होते. “हा पाइप कशाला आहे?” असं मी विचारलं होतं आणि “काही नाही वहिनी, जुना हवेचा आहे, पावसाचं पाणी जातं उगाच त्यातून” असं उत्तर मिळालं होतं. ‘हवेचा आहे’ हे त्याला माहीत होतं. हवेचा म्हणजे बिनकामाचा, अशी त्याची समजूत, आणि मीही मान डोलावली. त्या माणसाने बाकी ओटा पक्का बांधला आहे, आजही एक वीट हललेली नाही. पाणी साठवायच्या काळजीत आम्ही पाण्याची बाहेर जायची वाट गुदमरवली.

आम्ही गच्चीवर बोलत असताना वरच्या ताई चहा घेऊन आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, “काकू, आमच्याकडे पण येतो वास. वर्षभर येतोय. मला वाटलं माझंच काही राहतंय, तुम्ही म्हणाल भाडेकरू घाण ठेवतात.” त्या सकाळी मुलांचे डबे करायच्या आधी सिंकपाशी उदबत्ती लावायच्या. वरखाली दोन बायका, मध्ये एक स्लॅब, आणि दोघी एकमेकींपासून एकच वास लपवत होतो. मला तिथे गच्चीवर रडू आलं, खरंच आलं.

दुरुस्तीला दीड दिवस लागला. ओटा फोडायची गरज पडली नाही. अण्णांनी स्लॅबच्या खाली बाहेरच्या बाजूने पाइप कापला, पंचेचाळीस अंशाचे दोन बेंड घालून तो टाकीच्या बाजूने बाहेर काढला आणि सरळ वर, टाकीच्या झाकणापेक्षा उंच नेला. काटकोनी एल्बो घातले नाहीत. वर काऊल, म्हणजे ती फटी असलेली टोपी. शेजाऱ्यांच्या बेडरूमची खिडकी कुठल्या बाजूला आहे ते त्यांनी आधी पाहून घेतलं आणि तोंड तिथून लांब ठेवलं.

पाइप आणायला मी त्यांच्याबरोबर दुकानात गेले, कारण आता मला सगळं बघायचं होतं. ड्रेनेजच्या पीव्हीसी पाइपावर आयएस १३५९२ असा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो आणि पुढे टाइप ए किंवा टाइप बी. ए पातळ भिंतीचा, तो हवेसाठी आणि पावसाच्या पाण्यासाठी. बी जाड, तो मैला आणि सांडपाण्यासाठी. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी उभे असतात, ए स्वस्त पडतो म्हणून पुष्कळदा सांडपाण्यालाही तोच लावून मोकळे होतात. घर बांधणाऱ्याने एवढी एक ओळ पाइपावर वाचली तरी पुरे. आमच्या गच्चीवरच्या तुकड्याला ए चाललं असतं. अण्णांनी ‘बी’च घेतला, सोलापूरच्या उन्हाला जाड बरा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते सिंकखाली बसले. मला वाटलं होतं, आता तिथे काही उरलं नाही. त्यांनी पाणसळ लावली. सिंकपासून उभ्या पाइपापर्यंत आमचं अंतर पाच फूट, आणि तेवढ्यात आडवा पाइप चार इंच उतरवला होता. मी म्हटलं, उतार जास्त असला तर चांगलंच ना? नाही. दीड इंची पाइप एका फुटाला पाव इंच उतरावा. पाच फुटांना सव्वा इंच. म्हणजे उभ्या पाइपाला मिळतानाही आडव्या पाइपाचं वरचं काठ ट्रॅपमधल्या पाण्याच्या पातळीच्या थोडं वरच राहतं, आणि पाण्यावरून हवेला मागे यायला फट मिळते. पाइप स्वतःच्या व्यासापेक्षा जास्त उतरला की ती फट बुडते. मग सिंक भरून एकदम सोडलं तर कुणाच्या मशीनची गरज नाही, पाइप आपल्याच ट्रॅपचं पाणी ओढून घेतो. पिंपातून नळीने रॉकेल काढायचो तसं. उतार अगदीच कमी ठेवला तर तेल-पीठ तिथेच बसतं, म्हणून पाव इंच. पाच फूट, दीड इंच, सव्वा इंच हा हिशेब मी त्या संध्याकाळी कागदावर रेघा ओढून स्वतः पडताळून पाहिला तेव्हा मला समाधान झालं. किती साधं गणित आहे, आणि भिंतीत प्लॅस्टरखाली एकदा चुकलं की पंचवीस वर्षं चुकतं.

आता तिथे पी ट्रॅप आहे, इंग्रजी पी अक्षरासारखा वाकवलेला, तळाला उघडायचा बूच असलेला. पुण्याच्या भाच्याने फोनवर एअर अ‍ॅडमिटन्स व्हॉल्व्ह सुचवला होता. सिंकखालीच बसतो, आत ओढ लागली की उघडतो, एरवी मिटलेला. अण्णांना तो माहीत होता. जिथे गच्चीपर्यंत पाइप नेताच येत नाही तिथे ठीक, म्हणाले, पण तो हवा फक्त आत घेतो, खालून दाब आला तर बाहेर सोडत नाही. उभ्या पाइपाचं तोंड उघडं पाहिजेच. चेंबरच्या आधी एक गली ट्रॅपही बसवायला हवा असं ते म्हणाले आहेत. ते काम पावसाळ्यानंतर, काळी माती वाळली की.

काही गोष्टी मी माझ्या बाजूने बदलल्या. शेंगा कुटून चटणी केली की खलबत्ता आणि कढई आधी कागदाने पुसून घेते, मगच सिंकमध्ये. भाकरीच्या परातीतलं पीठ ओलं करून धूत नाही, कोरडं झाडून घेते. ज्वारीचं पीठ पाण्यात फुगून पाइपाला लेपासारखं बसतं. आणि मे महिन्यात लेकीकडे जाते तेव्हा बाल्कनीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर गोडं तेल सोडते. बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात न वापरलेला ट्रॅप आपोआप आटतो. तेलाचा तवंग असला की सावकाश आटतो.

त्यानंतरच्या पहिल्या पाण्याच्या रात्री मी जागी राहिले. पावणेबाराला वर मशीन लागलं. भिंतीतून पाणी उतरल्याचा आवाज आला आणि सिंक गप्प राहिलं. पहाटे उठून मी आधी खाली गेले आणि जाऊबाईंना झोपेतून उठवून वर घेऊन आले. त्या उंबऱ्यात थांबल्या, आत आल्या, सिंकवर वाकल्या. मग म्हणाल्या, “चहा टाक, साखर कमी.” बाकी काही बोलल्या नाहीत, पण दुपारी गच्चीवर जाऊन तो पाइप बघून आल्या, हे मला वरच्या ताईंनी सांगितलं.

आता मला गच्चीवर गेलं की दुसरं काही दिसत नाही. आमच्या मागच्या ओळीत सहा घरं आहेत. दोन पाइपांना काऊल आहेत. एकाचं तोंड सिमेंटच्या रिकाम्या गोणीने बांधलंय, एकावर वीट ठेवली आहे, दोन दिसतच नाहीत, टाक्यांच्या ओट्याखाली असतील. गोणीवाल्या घरातल्या काकूंची सून मला भाजीवाल्याकडे भेटते. गेल्या आठवड्यात ती डांबरगोळ्यांचं पाकीट घेत होती. रविवारी त्यांच्याकडेही पाणी आहे. टाकी बघायला त्या वर येतीलच, तेव्हा कठड्यापाशी बोलावून घेणार आहे.